पूर्णा जंक्शन टेबलावर मावेल का? स्केल मॉडेलिंग म्हणजे काय, आणि त्यात रंगकामाला एवढं महत्त्व का?

दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला आठवतोय? वर सिंहासनावर महाराज, पायथ्याला आळीव पेरून उगवलेलं शेत, बुरुजावर भाला घेतलेला मावळा. सगळं झकास. फक्त एक गडबड असते. हा मावळा खाली उतरून महादरवाजातून आत जायला निघाला तर जाऊ शकत नाही, कारण तो दरवाजापेक्षा दुप्पट उंच असतो. शेजारी उभी असलेली गाय तर हत्तीएवढी.

लहानपणी याचं कुणाला काही वाटत नाही, आणि वाटूही नये. पण हाच किल्ला असा करायचा ठरवला की मावळा, दरवाजा, गाय, तटबंदी आणि तोफ सगळं एकाच मापाने लहान झालं पाहिजे, तर तिथून एक वेगळाच छंद सुरू होतो. त्याला म्हणतात स्केल मॉडेलिंग.

जगभर या छंदाचे क्लब आहेत. लोक आठवड्यातून एकदा जमतात, विमानं, रणगाडे, जहाजं, रेल्वे, इमारती बनवतात, रंगवतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. वरवर पाहिलं तर मोठ्या माणसांचा खेळ. पण परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनसारखं एखादं ठिकाण समोर ठेवलं, की या खेळाचा उपयोग काय ते लक्षात येतं.

स्केल म्हणजे नेमकं काय?

स्केल म्हणजे प्रमाण. १:८७ असं लिहिलं असेल तर खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप ८७ ने भागायचं. लांबी, रुंदी, उंची, खिडकीची चौकट, विटेची जाडी, सगळंच.

साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात साधारण १.९ सेंटिमीटरचा होतो. सात फुटी दरवाजा २.५ सेंटिमीटरचा. नऊ इंची वीट जेमतेम २.६ मिलिमीटरची. आणि ४० फुटी कडुलिंब १४ सेंटिमीटरचा. म्हणजे मॉडेलमधलं झाड हातभर लांब असलं पाहिजे असं वाटत असेल तर तो अंदाज चुकतो, आणि बोटभर पुरेल असं वाटत असेल तर तोही चुकतो. बहुतेक नवखे लोक झाडं फार बुटकी करतात.

१:८७ हा आकडा कुठून आला? युरोपात खेळण्यातल्या रेल्वेचं ‘ओ’ नावाचं माप चालायचं. ते साधारण निम्मं केलं आणि नाव पडलं ‘हाफ ओ’, म्हणजेच आजचं ‘एचओ’. यात खरा १ फूट मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर होतो.

विमानांसाठी १:७२ लोकप्रिय आहे. त्याचा हिशोब त्याहून सोपा, १ इंच म्हणजे ६ फूट. रणगाड्यांसाठी १:३५ कसं आलं याची गोष्ट गमतीशीर आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जे माप घेतलं, ते मोजल्यावर १:३५ च्या आसपास भरलं. पुढे तेच जगाचं माप झालं.

हा नुसता खेळ आहे का?

१९४२ साल. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली होती. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं, हे काही सेकंदांत ओळखता येणं गरजेचं होतं. अमेरिकन नौदलाने शाळांना आवाहन केलं आणि ५ लाख मॉडेल विमानं मागितली. मुलांनी लाकडातून ती कोरली. माप होतं १:७२.

हेच माप का? कारण ३५ फुटांवर टांगलेलं १:७२ चं विमान डोळ्याला तेवढंच दिसतं, जेवढं खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून दिसतं. ३५ गुणिले ७२ केलं की २,५२० फूट होतात आणि अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट. शाळेच्या हॉलमध्ये बसून आकाशाचा सराव करता यायचा. एखाद्या मॉडेलचा पंख थोडा वाकडा झाला, तर शिकणारा चुकीचं विमान पाठ करणार. मापाला किंमत होती ती यामुळे.

महाराष्ट्रातलं उदाहरण पुण्यात आहे

पुण्यात कोथरूडला ‘जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय’ आहे. भाऊ जोशी यांना लहान रेल्वेंचा नाद होता. आधी ते आपला संच घेऊन प्रदर्शनं भरवायचे, नंतर कायमस्वरूपी मांडणीचं काम हाती घेतलं. १ एप्रिल १९९८ रोजी हे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

तिथे एचओ मापाचं एक अख्खं शहर आहे. वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत अनेक गाड्या एकाच मांडणीत धावतात. सिग्नल बदलतात, फाटक पडतं, रस्त्यावर दिवे लागतात, रोपवे चालतो. एका माणसाच्या छंदातून उभी राहिलेली ही जागा आज कित्येक शाळांच्या सहलीचा भाग आहे.

ते शहर काल्पनिक आहे आणि ते तसंच अपेक्षित आहे. पण समजा, काल्पनिक शहराऐवजी एखादं खरं स्टेशन बनवायचं ठरवलं तर? तेही असं, जे आता त्या रूपात शिल्लकच नाही?

पूर्णा का?

परभणी जिल्ह्यातलं पूर्णा हे रेल्वेवर वाढलेलं गाव. निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या तोंडावर, हैदराबाद ते मनमाड असा मीटर गेज मार्ग गोदावरीच्या खोऱ्यातून टाकला गेला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही सगळी या मार्गावरची स्टेशनं. पुढे पूर्णेतून हिंगोली-वाशिम-अकोल्याकडे दुसरा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. लोकोशेड आली, रेल्वे वसाहत आली, रेल्वेत नोकरी करणारी घरं आली.

हैदराबाद आणि राजस्थान यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस इथूनच जायची. वायपी आणि वायजी जातीची वाफेची इंजिनं, नंतर वायडीएम-४ डिझेल इंजिनं या मार्गांवर धावली. यातला ‘वाय’ म्हणजे मीटर गेज. ब्रॉडगेजच्या इंजिनांना ‘डब्ल्यू’ लावतात, म्हणून आजची नावं डब्ल्यूएपी, डब्ल्यूएजी अशी असतात. पुढचं ‘पी’ म्हणजे प्रवासी गाडीचं, ‘जी’ म्हणजे मालगाडीचं.

मग गेज बदललं. मनमाड-परभणी-पूर्णा हा मुख्य मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पूर्णा-अकोला मार्ग २००८ पर्यंत. प्रवासाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. गाड्या वाढल्या, थेट मुंबईला जाता येऊ लागलं. पण जुने अरुंद रूळ, खाली झुकणाऱ्या हाताचे सिग्नल, इंजिनात पाणी भरायचे उंच नळ यातलं जवळपास सगळं गेलं. ज्यांनी ती इंजिनं चालवली, दुरुस्त केली, त्यांच्यापैकी अनेकांचं वय आता सत्तरीच्या पुढे आहे.

हे सगळं एकाच ठिकाणी, बरोबर मापात आणि बरोबर रंगात परत उभं करणं म्हणजे गावाची नोंदवही तयार करण्यासारखंच आहे. स्केल मॉडेलिंगचा क्लब नेमकं हे करू शकतो.

गेजचा घोळ

इथे पहिली अडचण येते. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात. त्याला ८७ ने गुणलं तर १,४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतलं ‘स्टँडर्ड गेज’.

भारताचं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर आहे. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. म्हणजे भारतीय ब्रॉडगेज इंजिनाचं मॉडेल बाजारातल्या एचओ रुळावर ठेवलं की अंग रुंद आणि पाय जवळ असं थोडं विचित्र दिसतं. बहुतेक जण ही तडजोड मान्य करतात. तडजोड काही नवी नाही. ब्रिटनमध्ये इंजिनं आकाराने लहान असल्याने त्यात मोटर मावेना, म्हणून त्यांनी रूळ तेच ठेवून वरचं अंग १:७६ मापाने मोठं केलं. ते आजही तसंच चालू आहे.

मीटर गेजवाल्यांचं मात्र नशीब चांगलं आहे. १,००० मिलिमीटरला ८७ ने भागलं तर ११.५ मिलिमीटर येतात. आणि बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे जुनी पूर्णा मापात बनवणं, आजची पूर्णा बनवण्यापेक्षा रुळांच्या बाबतीत सोपं आहे.

दुसरी अडचण लांबीची. ब्रॉडगेजचा एक जुना निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. १:८७ मध्ये तो २४.५ सेंटिमीटर होतो. २४ डब्यांची गाडी सहा मीटरपेक्षा लांब. ४०० मीटरचा फलाट ४.६ मीटर. एवढं टेबल कुणाच्या घरात आहे?

म्हणून मॉडेलवाले लांबी कापतात, पण उंची कधीच कापत नाहीत. फलाट निम्मा करतात, गाडीला सहाच डबे लावतात. पण स्टेशनची इमारत, दरवाजा, माणूस आणि सिग्नल तंतोतंत ठेवतात. डोळा लांबीला फसतो, माणसाशेजारच्या दरवाजाला फसत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा खटकतो तो यामुळेच.

क्लबमध्ये करतात तरी काय?

क्लब म्हटलं की ऑफिस, पावतीपुस्तक, अध्यक्ष असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात पाच-सहा माणसं, एक मोठं टेबल, चांगला उजेड आणि उघडी खिडकी एवढं पुरतं. कामं साधारण अशी असतात.

एक, सामूहिक बांधणी. सगळ्यांनी एकच विषय घ्यायचा. समजा मीटर गेजचा मालडबा. प्रत्येक जण आपापला बनवतो आणि महिन्याने सगळे एका रांगेत ठेवतात. कुणाचा गंज पटतो आणि कुणाचा नुसता नारिंगी रंग वाटतो, ते न सांगता कळतं.

दोन, तुकड्यांची मांडणी. रेल्वे मॉडेलच्या क्लबांची ही सगळ्यात हुशार युक्ती. प्रत्येकाने ठरलेल्या लांबी-रुंदीची एक फळी बनवायची. दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या जागी असले पाहिजेत, मधे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. एकाने पूर्णेचा फलाट करावा, दुसऱ्याने मानवत रोडचा कापसाच्या गाठींनी भरलेला मालधक्का, तिसऱ्याने गंगाखेडजवळचा गोदावरीवरचा पूल, चौथ्याने मिरखेलचं छोटं स्टेशन. एरवी फळ्या घरी भिंतीला टेकून राहतात. जमायच्या दिवशी जोडल्या की अख्खा मार्ग तयार. शाळेच्या हॉलमध्ये नेऊन दोन तासांत उभा करता येतो.

तीन, मोजणीचा दिवस. वही, मीटर टेप आणि मोबाइल घेऊन जुन्या इमारतीची मापं घ्यायची. दाराची उंची, खिडक्यांमधलं अंतर, दगडाच्या ओळी. यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. रुळांवर किंवा रेल्वेच्या बंद आवारात विनापरवानगी जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे. स्टेशन मास्तरांची परवानगी घेऊन, फलाटावरून आणि रस्त्यावरून जेवढं मोजता येतं तेवढंच मोजायचं.

चार, चुका काढणं. प्लॅस्टिक मॉडेल बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झाली. अशा संघटनांच्या स्पर्धांमध्ये परीक्षक आधी झगमगाट बघत नाहीत. सांधे भरलेत का, चाकं चारही टेकतात का, दोन्ही बाजू सरळ आहेत का, बोटाचे ठसे राहिलेत का, हे आधी. पाया चुकला असेल तर सुंदर रंग त्याला वाचवत नाही.

आता रंग

नव्याने सुरुवात करणाऱ्यांचं मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा रंगात. कारण एकच, घाई. काही गोष्टी पाळल्या तर पहिलंच मॉडेल बघण्यासारखं होतं.

*आधी धुवा.* साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर तेलकट थर असतो. भांड्यांचा साबण आणि कोमट पाण्याने सुटे भाग धुऊन पूर्ण वाळवायचे. हे टाळलं तर रंग नंतर पापुद्र्यासारखा निघतो.

*प्रायमर चुकवू नका.* नितळ प्लॅस्टिकवर रंगाला धरायला जागा नसते. राखाडी प्रायमरचा पातळ थर ती जागा देतो. शिवाय प्रायमर मारल्यावर न भरलेले सांधे आणि ओरखडे उघडे पडतात. स्प्रेचा डबा २० ते २५ सेंटिमीटरवर धरायचा, फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा.

*रंग दुधाएवढा पातळ.* बाटलीतला रंग थेट लावायचा नाही. तो दुधासारखा वाहील इतका पातळ करायचा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्यायचे. पहिला थर दिल्यावर खालचं सगळं दिसत राहतं आणि जीव घाबरतो. तिथेच थांबायचं, वाळू द्यायचं. जाड थर दिला तर दरवाजाची बारीक कडी, खिळे, फळ्यांच्या रेषा बुजतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा थर १:८७ मध्ये जवळपास एक सेंटिमीटर जाडीचं प्लॅस्टर ठरतो.

*पिवळ्याखाली पांढरा.* स्टेशनची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरं. पिवळा आणि लाल हे रंग खालचं झाकत नाहीत. राखाडीवर थेट पिवळा लावला तर तो मळकट हिरवट दिसतो. आधी पांढरा किंवा फिकट गुलाबी थर द्यायचा, मग पिवळा. आणि फिकट रंग आधी, गडद रंग नंतर.

*शुद्ध काळा वापरू नका.* वाफेचं इंजिन काळं होतं हे खरं. पण खरं इंजिन आपण पन्नास-शंभर फुटांवरून बघतो, आणि मधल्या हवेमुळे, उजेडामुळे ते गडद राखाडी दिसतं. लहान वस्तूवर शुद्ध काळा लावला तर ती डांबरात बुडवल्यासारखी दिसते आणि तपशील हरवतात. काळ्यात थोडा राखाडी किंवा तपकिरी मिसळायचा. हाच नियम सगळ्या रंगांना, की मॉडेल जितकं लहान, रंग तितका किंचित फिका.

*पाणीरंग आणि कोरडा ब्रश.* या दोन युक्त्यांवर अर्धा छंद उभा आहे. खूप पातळ केलेला गडद रंग मॉडेलवर सोडला की तो खाचांमध्ये जाऊन बसतो आणि फळ्यांच्या रेषा उठून दिसतात. उलट, ब्रशला फिका रंग घेऊन तो कागदावर जवळपास पूर्ण पुसून टाकायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. खाचा गडद आणि कडा उजळ झाल्या की वस्तू भरीव दिसू लागते.

*अक्षरं चिकटवण्याआधी चकाकी.* डब्यावरचे आकडे आणि अक्षरं पाण्यात भिजवून सरकवायच्या पातळ पट्टीवर येतात. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर पट्टी लावली की खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी डाग दिसतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग पट्टी, आणि सगळं वाळल्यावर वरून मॅट वार्निश.

*माणसांना डोळे काढू नका.* १:८७ मध्ये डोळा एका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा असतो. काढायला गेलं की माणूस घाबरलेला दिसतो. कपाळाखाली हलकी सावली दिली की पुरे. टोपी, धोतर, फेटा यांचा रंग बरोबर असला की माणूस ओळखू येतो.

*श्वास सांभाळा.* थिनरची वाफ साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने अडत नाही. स्प्रेचं काम गच्चीवर किंवा अंगणात करायचं, जवळपास गॅस किंवा पेटती उदबत्ती नको, आणि लहान मुलांना पाण्यात विरघळणारे ॲक्रेलिक रंगच द्यायचे.

परभणीची हवा आणि परभणीची माती

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ थंड देशांतले असतात. तिथलं गणित इथे जसंच्या तसं चालत नाही.

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा दुपारी ॲक्रेलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि स्प्रेचे थेंब मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात. हात फिरवला की पृष्ठभाग बारीक रवाळ लागतो. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम पहाटे, आणि रंगाची वाटी ओल्या स्पंजावर ठेवलेल्या बटर पेपरवर. पावसाळ्यात उलटं होतं. दमट हवेत लॅकर स्प्रेवर पांढुरकी झाक येते. पाऊस पडत असताना स्प्रे बंद, त्या दिवशी कापणं-चिकटवणं करायचं. सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे, फक्त डिसेंबर-जानेवारीतली कडाक्याची सकाळ टाळून उन्हं वर आल्यावर काम सुरू करायचं.

मातीचं बघायचं तर मॉडेलवाले जमिनीसाठी रंगीत पूड विकत घेतात. इथे ती दारात आहे. काळी माती उन्हात पूर्ण वाळवायची, कुटायची आणि चहाच्या गाळणीने, मग सुती कापडाने चाळायची. फळीवर फेविकॉल पाण्यात मिसळून लावायचं आणि वरून माती भुरभुरायची. वाळल्यावर जास्तीची झटकून टाकायची.

पण दोन गोष्टी सांभाळायच्या. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. चिखल करून जाड थर दिला तर फळीवरही भेगा पडतील. स्टेशनच्या आवारात त्या नकोत. पण फलाटामागे वैशाखातलं रान दाखवायचं असेल तर पातळ चिखलाचा थर मुद्दाम वाळू द्यायचा. शेतातली १० सेंटिमीटरची भेग १:८७ मध्ये एक मिलिमीटरच्या आसपास होते. म्हणजे केसासारख्या बारीक भेगा पडल्या तर त्या चक्क मापात बसतात.

दुसरी गोष्ट लोहचुंबकाची. मराठवाड्याची काळी माती बेसॉल्ट दगडापासून झाली आहे आणि त्यात लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर अडते. म्हणून चाळलेल्या मातीतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक चार-पाच वेळा फिरवून घ्यायचा.

रुळांमधल्या खडीचंही तसंच. खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची असते. ८७ ने भागलं तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. म्हणजे बारीक चाळलेली वाळू. बांधकामावरची जाडी वाळू तशीच टाकली तर रुळांत धोंडे पडल्यासारखे दिसतात.

जुनं दिसायला हवं, घाण नको

रंगाची शेवटची पायरी म्हणजे वस्तू वापरलेली दाखवणं. इथे लोक जोशात येऊन सगळीकडे गंज थापतात. नियम साधा आहे. प्रत्येक डागाला कारण हवं.

ब्रेक लागताना लोखंडाची बारीक पूड उडते, म्हणून तांबूस-तपकिरी थर डब्याच्या खालच्या भागावर आणि खडीवर बसतो, छतावर नाही. छतावर कोळशाची काजळी. इंजिनात पाणी भरतात तिथे पाणी सांडून वाळल्याच्या पांढरट रेघा. दाराच्या दांड्याला हात लागून लागून रंग उडालेला. पावसाचं पाणी खिडकीच्या कोपऱ्यातून खाली येतं, म्हणून मळाची रेघ सरळ उभी, आडवी नाही.

मुख्य म्हणजे आधी महिना ठरवायचा. एप्रिलमधल्या पूर्णेत सगळ्यावर राखाडी-तपकिरी धूळ असेल. ऑगस्टमधल्या पूर्णेत चाकांना काळा चिखल, फलाटाच्या कडेला हिरवं शेवाळ आणि धुतलेले डबे. एकाच फळीवर धुळीने माखलेला डबा आणि हिरवंगार गवत ठेवलं, तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

नसलेली गोष्ट मोजायची कशी?

जे पाडून टाकलंय ते टेपने मोजता येत नाही. पण जुन्या फोटोत फूटपट्टी लपलेली असते. मीटर गेज रुळांमधलं अंतर बरोबर १,००० मिलिमीटर. फोटोत रुळाशेजारी, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर एखादी वस्तू असेल, तर रुळांच्या रुंदीशी तुलना करून तिचं माप काढता येतं. विटांच्या ओळी मोजूनही भिंतीची उंची निघते. मागे-पुढे असलेल्या वस्तूंना मात्र हे लागू होत नाही, कारण दूरची वस्तू लहान दिसते.

फोटो बहुतेक काळे-पांढरे असतात, आणि रंग त्यात नसतो. डबे गडद तांबूस होते हे बहुतेकांना आठवतं, कारण निळे डबे नंतर आले. पण स्टेशनच्या दारांना कुठला हिरवा होता? केबिनच्या भिंतीला चुना होता की पिवळी माती? पाण्याची टाकी चंदेरी होती की लाल? हे आता फक्त माणसांच्या आठवणीत आहे. निवृत्त गार्ड, फिटर, पॉइंट्समन आणि फलाटावर चहा विकलेली माणसं यांच्याकडे त्याचं उत्तर आहे.

त्यांना नुसतं ‘कुठला रंग होता?’ असं विचारलं तर ‘हिरवा’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एका पुठ्ठ्यावर हिरव्याच्या आठ छटा रंगवून न्यायच्या आणि ‘यातला कुठला?’ असं विचारायचं. दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारायचं. तिघांचं बोट एकाच चौकोनावर आलं, तर तो रंग वहीत तारखेसह लिहून ठेवायचा.

क्लबकडे अजून एकही इंजिन नसलं, रूळ मागवायचे बाकी असले, तरी हे काम याच रविवारी सुरू होऊ शकतं. त्यासाठी लागतो एक पुठ्ठा, हिरव्या-पिवळ्या रंगाच्या दोन बाटल्या आणि पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतली एक संध्याकाळ.